मदत हवी आहे: आयसोथर्मवर इथिलीन-इथेन वेगळे दिसतात, कॉलममध्ये मात्र दोघं एकदमच बाहेर येतात

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलेय, कुणी मॉफवर (धातू आणि सेंद्रिय दुव्यांची सच्छिद्र जाळी) ब्रेकथ्रूचं, म्हणजे भरलेल्या कॉलममधून गॅस सोडून कोणता कधी बाहेर येतो ते बघायचं, काम केलं असेल तर प्लीज वाचा.

मटेरियल आहे एचकेयूएसटी-1, तेच 1999 पासूनचं तांब्याचं जुनं मॉफ. इथिलीन आणि इथेन वेगळे करायचेत. दोघांच्या आकारात जेमतेम पाव अँगस्ट्रॉमचा फरक, उकळबिंदू उणे 104 आणि उणे 89, म्हणून तर कारखान्यात शंभरावर प्लेट्सचे उंचच्या उंच टॉवर लावून अतिथंड डिस्टिलेशन करावं लागतं आणि त्यात प्रचंड ऊर्जा जाते. हे काम साध्या तापमानाला एखाद्या पावडरीने केलं तर काय बहार येईल, याच वेडापायी मी हा विषय घेतला.

माझा हिशोब असा होता की चाळणीसारखं आकारावर गाळणं इथे जमणार नाही कारण भोकं दोघांनाही मोठीच आहेत, पण उघड्या तांब्याला इथिलीनचा डबल बाँड धरून बसतो, इथेनकडे तसं धरायला काही नाही, म्हणजे इथेन आधी निसटायला हवा. पावडरचे आयसोथर्म (ठरावीक तापमानाला कोणत्या दाबावर किती गॅस धरला जातो त्याचे आलेख) 25 अंशांना घेतले, इथिलीन स्पष्ट वर होतं, आयएएसटीने (एकेकट्या गॅसच्या आयसोथर्मवरून मिश्रणाचा अंदाज काढायची पद्धत) सिलेक्टिव्हिटी, म्हणजे इथेनपेक्षा इथिलीनला किती पट पसंती, साधारण 2 आली. फार नाही, पण आहे ना!

मग पावडर दाबून गोळ्या केल्या, चाळल्या, स्टीलच्या कॉलममध्ये भरल्या, 80 अंशांवर दोन तास हेलियम सोडला (सील त्यापुढे टिकत नाहीत), गार केलं आणि 50:50 मिश्रण सोडलं. जीसीवर (बाहेर येणारे गॅस मोजणारं गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र) दोन्ही गॅस जवळजवळ एकाच मिनिटाला वर आले, तेही हिशोबापेक्षा कितीतरी आधी. तीनदा केलं, तीनदा तेच. फ्लो अर्धा केला, रिकाम्या कॉलमचा वेळ वजा केला, लीक तपासली, गोळ्यांचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) घेतला तर पीक जागच्या जागी आहेत, फक्त जरा रुंद झालेत.

एक गोष्ट सांगते, कामाची आहे की नाही माहीत नाही. कॉलम उघडल्यावर गोळ्या फिक्या आकाशी रंगाच्या निघाल्या. आयसोथर्मच्या वेळी नळीतली पावडर गडद जांभळट निळी होती. गोळ्या दाबल्यामुळे रंग बदलतो का?

प्रतिसाद

तुमचं उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आहे. दाबल्याने नाही, पाण्याने रंग बदललाय. आकाशी म्हणजे तांब्याच्या टोकाला पाणी बसलंय, जांभळट निळं म्हणजे जागा मोकळी. आयसोथर्मच्या आधी तुम्ही व्हॅक्यूममध्ये तापवलं असणार, कॉलम भरताना मात्र गोळ्या हवेत होत्या आणि हे मटेरियल हवेतली ओल बघता बघता ओढतं. 80 अंशांना दोन तासांत ते पाणी सुटत नाही. आता इथिलीनला धरायची जागाच अडलेली, मग उरतं ते भिंतींचं साधं आकर्षण, आणि त्यात इथेन इथिलीनपेक्षा कमी धरला जात नाही, कित्येक मॉफमध्ये जास्तच धरला जातो. दोघं एकदम येणार नाहीत तर काय होणार!

आधी सील बदला. मग भरलेल्या कॉलममध्येच 150 अंशांवर रात्रभर कोरडा हेलियम सोडा आणि कॉलम न उघडता थेट मिश्रण लावा. हेलियम आणि मिश्रण अशा दोन्ही लाइनवर 3ए मॉलिक्युलर सिव्हची (अगदी बारीक भोकांचं, पाणी शोषणारं मटेरियल) नळी लावा, तिच्यात पाणी शिरतं, इथिलीन शिरत नाही, त्यामुळे मिश्रण बिघडायची भीती नाही. सगळं जमलं तर इथेनचा कर्व्ह थोडा वेळ फीडच्याही (आत सोडलेल्या मिश्रणातल्या प्रमाणाच्या) वर गेलेला दिसेल, मागून येणारं इथिलीन त्याला जागेवरून हुसकावतं म्हणून. आणि एक, गोळ्यांचं बीईटी (आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजणं) वेगळं घ्या, पावडरचा आकडा गोळ्यांना लावू नका, एचकेयूएसटी-1 जास्त दाबलं की त्याची रचना ढासळते.

धागाकर्ती

खूप खूप आभार! सील येईपर्यंत धीर धरवेना म्हणून चार गोळ्या काचेच्या नळीत घालून 150 वर हेलियम सोडला. आधी टोकाची गोळी गडद झाली, मग एकामागून एक बाकीच्या, मी तिथेच खुर्ची ओढून बघत बसले होते. नळीचं बूच काढलं आणि काही मिनिटांत कडा परत फिक्या पडायला लागल्या.

काल नवीन सील लावून रन घेतला. इथेन आधी आला, वर चढून परत खाली बसला, आणि इथिलीन सहा मिनिटांनी!!

पण एकूण कपॅसिटी अजून पावडरपेक्षा बरीच कमी आहे, आणि गोळ्यांचं बीईटी घेतलं तर तेही तसंच उतरलंय. म्हणजे दाब जास्त झाला हे नक्की. कमी दाबावर गोळ्या हातातच भुगा होतात, बाइंडर (पावडर चिकटवून धरणारा पदार्थ) घालावा तर भोकं बुजतील असं वाटतं. तुम्ही गोळ्या कशा करता, कुणी सांगेल का?