पुणं सोडून कोल्हापूर: कुठं राहावं?

घरून काम चालतं म्हणून पुण्याचा फ्लॅट भाड्यानं देऊन कोल्हापूरला यायचं चाललंय. सासरे कोल्हापूरच्या पेठेतले, पण त्यांचा वाडा कधीच विकला. नागाळा पार्कात स्वस्तात घर मिळतंय. सात वर्षांची मुलगी आहे. करमेल का?

रंकाळ्याकाठची:
स्वस्त का मिळतंय ते आधी विचारा ताई. २०१९ आणि २०२१ ला त्या भागात पुराचं पाणी शिरलं होतं. सगळीकडं नाही, म्हणून गल्लीत चालत जा आणि कंपाउंडच्या भिंतीवरची पाण्याची रेघ बघा. रंग नवा असला तर समोरच्या वाणसामानवाल्याला विचारा, तो बरोबर सांगतो. पावसाळ्यात इथं सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत असतात: ३९ फूट इशारा, ४३ धोका. मी मुंबईहून आले तेव्हा हे आकडे ऐकून हसायचे. आता सकाळी चहाआधी तेच बघते.

करमायचं म्हणाल तर पहिलं वर्ष जड गेलं. शेजारच्या काकू न विचारता आत येतात, पगारही विचारतात! पण मला ताप आला तेव्हा पांढऱ्या रश्श्याचा डबाही त्यांनीच आणला.

गंगावेस:
राजारामपुरी बघा, जरा महाग पडेल. आणि संध्याकाळी पोरीला दूध कट्ट्यावर आणा, म्हशीचं धारोष्ण दूध.

प्रश्नकर्ती:
पगार खरंच विचारतात?

रंकाळ्याकाठची:
नवऱ्याचा पण.