घरातल्या मांजरीला बाहेर सोडावं का? (सातारा, गोडोली, भाड्याचं घर)

गोडोलीची_मनी
मांजर देशी, २ वर्षांची, नसबंदी झालेली. आतापर्यंत फ्लॅटमध्येच वाढली. आता आम्ही गोडोलीत अजिंक्यताऱ्याच्या अंगाला बैठ्या घरात आलोय. मागं लहानसं परसू, ४ फुटी कंपाऊंड, पलीकडं गवत वाढलेला रिकामा प्लॉट. पहाटे ५ पासून मागच्या दाराशी बसून ओरडते, दाराची जाळी ओरबाडते. ट्रायकॅट ही तिहेरी लस झालीय, रेबीजची यंदाची लस राहिलीय. भिंतीला ड्रिल मारायचं नाही ही मालकांची अट. बजेट ३,००० रुपये, त्याच्या वर नाही. सोडू का? सोडायची तर कशी?

विश्रामबागकर
सोडू नका. पिंजरा-अंगण करून घ्या, विषय संपला. आमच्याकडं मागच्या दाराला लागून ८ बाय ५ फूट, ७ फूट उंच असं आहे. १ इंची चौकोनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपची चौकट आणि त्यावर १ बाय १ इंच वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली जाळी, तारेची जाडी १४ गेज. कोंबड्यांची षटकोनी जाळी घेऊ नका, तार बारीक असते, कुत्रं ओढून फाडतं आणि मांजरीची नखं अडकतात. वरूनही जाळी हवीच. अर्ध्या छतावर पत्रा, आत वेगवेगळ्या उंचीवर ३ फळ्या. खाली माती असेल तर जाळी अर्धा फूट पुरून बाहेरच्या अंगाला वळवा, नाहीतर घूस खालून उकरते. दाराला दोन कड्या. ३,००० मध्ये होणार नाही, पण परत परत करावं लागत नाही.

गोडोलीची_मनी
दादा, घर भाड्याचं आहे आणि बजेट वर लिहिलंय.

विश्रामबागकर
नटबोल्टचा करा. घर सोडताना खोलून नेता येतो.

कराड_पशुसेवा
सोडा किंवा सोडू नका, आधी रेबीज. ट्रायकॅटमध्ये रेबीज येत नाही, त्यात पॅनल्यूकोपेनिया, कॅलिसी आणि हर्पिस या तीन विषाणूजन्य आजारांपुरतंच असतं. बरेच जण "तिन्ही लसी झाल्या" म्हणतात आणि रेबीज राहून जातं. ती ३ महिन्यांच्या वयापासून देतात, मग दर वर्षी. लस झाल्यावर ४ आठवडे तरी दार उघडू नका. बाहेरच्या बोक्याशी मारामारी झाली तर चाव्याची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत गळू होतं. ३-४ दिवसांनी सूज, ताप, खाणं बंद. चाव्यातून एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणूसुद्धा लागतो, त्यावर आपल्याकडच्या नेहमीच्या लशीत काही नाही.

जंताचं औषध दर ३ महिन्यांनी. पिसवांसाठी मांजरीच्या वजनाचं फिप्रोनिल हे कातडीवर लावायचं औषध मानेच्या मागं, जिथं तिची जीभ पोचत नाही. कुत्र्याचं औषध अर्धं करून लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, मांजरीला झटके येऊन ती दगावते. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही, पाव गोळीही नाही.

उसातला_बोका
मांजराला कोंडून ठेवायचं म्हणजे लै वाईट. सोडा बिनधास्त, फक्त शिस्तीत. नव्या घरात आधी ३-४ आठवडे आतच ठेवा, म्हणजे घर कुठलं हे तिला कळतं. लवकर सोडली तर जुन्या घराकडं चालायला लागते. त्या दिवसांत प्रत्येक जेवणाआधी तोच डबा वाजवा. पहिल्यांदा सोडायचं ते उपाशीपोटी, सकाळी, १० मिनिटं. डबा वाजवून आत घ्या, मग खायला. रोज ५ मिनिटं वाढवा. स्वतः उचलून बाहेर ठेवू नका, दार उघडं ठेवा आणि तिची ती येऊ दे, म्हणजे परतीची वाट डोक्यात बसते. महिन्याभरात दिवसरात्र मोकळी ठेवता येते. उंदीर कमी होतात ते वेगळंच.

तासगाव_द्राक्ष
दिवसरात्र मोकळी हा सल्ला घेऊ नका. उंदरांचंच तर भ्या आहे. लोक घरात, गोठ्यात, गोदामात ब्रोमॅडिओलोन या उंदीरमार विषाच्या वड्या टाकतात. उंदीर लगेच मरत नाही, ३-४ दिवस सुस्त फिरतो आणि नेमका तोच मांजराच्या तावडीत सापडतो. मग मांजराच्या आत रक्तस्राव. हिरड्या पांढऱ्या पडणं, धाप, नाकातून रक्त. लवकर नेलं तर व्हिटॅमिन के१ वर वाचतं, पण औषध काही आठवडे चालवावं लागतं, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही.

शेतात झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं दुसरं विष असतं, त्याला उताराच नाही. पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू होतो. म्हणून दूध, अंडं, भात काहीही पाजू-चारू नका, अन्न गेलं की आम्ल वाढतं. तसंच उचलून डॉक्टरकडं. आमच्याकडं ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू होतात, मांजर ओल्या गवतातून जाऊन पाय चाटतं. तुमच्या शेजारच्या प्लॉटवर तणनाशक कधी मारतात ते विचारून ठेवा.

कृष्णाकाठ
विश्रामबागकर, १ इंची जाळीतून घोणशीचं पिल्लू आरामात आत येतं. खालचे २ फूट तरी अर्धा इंची लावली पाहिजे. २०१९ च्या पुरात सांगलीत पाणी उतरल्यावर घराघरांत साप निघाले होते, जाळी असलेल्या घरांतसुद्धा.

विश्रामबागकर
पुराचं उदाहरण गोडोलीला कशाला? अर्धा इंची जाळीत हवा खेळत नाही, पालापाचोळा अडकतो.

कृष्णाकाठ
हवा वरच्या ५ फुटांतून येते की. साप पाण्यानं नाही तर उंदरांमागं येतो, आणि मोकळ्या प्लॉटात उंदीर असणारच. घोणस डोंगरउतारालाही असते.

वाईची_वाट
हार्नेस घ्या. बजेटच्या खूप आत बसतं. नुसत्या पट्ट्यांचं नको, मांजर उलटं सरकून दोन सेकंदांत निसटतं. जाकिटासारखं, छातीभोवती बंद होणारं घ्या. पुढच्या पायांच्या मागं छातीचा घेर टेपनं मोजून मागवा. दोन बोटं आत जातील इतकं घट्ट. दोरी पाठीवरच्या कडीला, गळ्याला कधीच नाही. पहिला आठवडा घरातच, जेवणाच्या वेळी ५-१० मिनिटं. सुरुवातीला मांजर आडवं पडतं, ते दुखतंय म्हणून नाही, पाठीवरच्या दाबानं तसं होतं. खाऊ पुढं ठेवला की उठतं. परसात नेताना हातात धरायच्या पिंजऱ्यातून न्या. दारातून चालत नेलं की दार उघडं दिसताच पळायची सवय लागते.

खिडकीपाशी
मुख्य प्रश्न पहाटे ५ चा आहे, त्यावर कोणीच बोललं नाही. मांजर उजाडताना आणि मावळताना सर्वांत जागं असतं. तुम्ही ५ ला उठून खायला देता का? देत असाल तर ओरडल्यावर मिळतं हे ती शिकलीय. रात्री झोपण्याआधी १५ मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाच्या मागं धाप लागेस्तोवर पळवा, शेवटी ते पकडू द्या, मग दिवसातलं मोठं जेवण द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप या क्रमानंच तिचं शरीर चालतं. पहाटे दाराशी अजिबात जाऊ नका. पहिले काही दिवस ओरडणं वाढेल. तेव्हा एकदा जरी उठलात तरी सगळं मुसळ केरात.

ड्रिल नको असेल तर: खिडकीला बाहेर आलेली लोखंडी ग्रिल असेल ना, तीच वापरा. गजांना आतून वेल्डमेश लावा आणि जीआय तारेनं दर ६ इंचांवर पिळून बांधा. प्लास्टिकचे झिपटाय उन्हानं कडक होऊन तुटतात. तारेची टोकं बाहेर वळवा. तळाला प्लाय आणि त्यावर तरटाचा तुकडा. ४ बाय ४ फुटी ग्रिलला पुढची बाजू, दोन कुशी आणि वर धरून जाळी कापून घ्या, ३,००० च्या आत होतं. भिंतीला हातही लागत नाही.

वाईची_वाट
खिडकीत हुंगायला गवत-माती नाही, हार्नेसमध्ये मिळते.

कराड_पशुसेवा
कान पांढरे असतील तर दुपारचं ऊन टाळा, खिडकीतसुद्धा. पांढऱ्या कानांच्या टोकांना वर्षानुवर्षं ऊन लागून कॅन्सरची जखम होते.

उसातला_बोका
गळ्यात घुंगरू बांधा, सापडायला बरं.

तासगाव_द्राक्ष
घुंगरू बांधायचं तर ताण बसल्यावर आपोआप सुटणाऱ्या क्लिपच्या पट्ट्यात. साधा बकलचा पट्टा फांदीत अडकला की फास बसतो. किंवा पुढचा पाय त्यात अडकून काखेत जखम होते. आणि लोक "चिप बसवली, आता सापडेल" म्हणतात. कातडीखाली बसवतात त्या चिपमध्ये फक्त १५ अंकी नंबर असतो, ती ठिकाण सांगत नाही.

गोडोलीची_मनी
सगळ्यांचे आभार. हो, ५ ला उठून मीच खायला देते, ते आजपासून बंद. रेबीज उद्या. ग्रिल आहे, पण ती रस्त्याच्या बाजूला आणि मनीला मागचं परसूच हवंय. हार्नेस चुलतबहिणीचं आणून बघितलं, पाठीला लागताच लघवी केली तिनं, परत नाही घालणार. ठरवलंय की ४ आठवडे झाल्यावर सकाळी ७ ला दार उघडायचं, मी पायरीवर बसणार, २० मिनिटांनी डबा वाजवायचा. दोरी नाही, जाळी नाही. रात्री बाहेर नाही.

विश्रामबागकर
४ फुटी भिंत मांजरीला एका उडीची आहे. तुम्ही पायरीवर बसून काय करणार?

खिडकीपाशी
मलाही पटलं नाही, पण करणारच असाल तर भिंतीलगतच्या कुंड्या, बाज, टाकी हलवा. चढायला पायरी नसली तर बरीच मांजरं आधी परसातच रमतात. भिंतीवर चढली तर मागं धावू नका, धावलात की ती पलीकडं उतरते. तिथंच बसून डबा वाजवा. आणि ४ आठवडे डबा दुसऱ्या कशासाठीही वाजवू नका.

कृष्णाकाठ
प्लॉटातलं गवत आधी कापून घ्या, निदान भिंतीपासून ६ फूट. पावसाळ्यात बेडूक तोंडात धरून फेस आला तर तोंड ओल्या फडक्यानं पुसून काढा, पाणी घशात ओतू नका.

गोडोलीची_मनी
गवताचं मालकांना विचारते. कुंड्या संध्याकाळी हलवते.

सदरबझार_नवा
१४ गेजची वेल्डमेश साताऱ्यात सुट्टी कापून कुठं मिळते? पूर्ण रोल नकोय, १२ फूटच हवीय.