'इको चेंबर' म्हणजे गोल घुमट का? (टोपणनावांनी रंगलेली चर्चा)

रिकामा माग :
काल एका कॉलेजात 'समाजमाध्यमं आणि लोकशाही'वर व्याख्यान ऐकलं. वक्ते मराठी, श्रोते सोलापूरचे. तासाभरात वहीत टिपलेलं पीक : फेक न्यूज, हेट स्पीच, कॅन्सल कल्चर, कल्चर वॉर, सेफ स्पेस. 'इको चेंबर' तर सहा वेळा. मागच्या रांगेतून एक आजोबा उठले, "इको चेंबर म्हंजे काय ओ?" सर म्हणाले, "प्रतिध्वनी-कक्ष." आजोबा म्हणाले, "मग विजापूरचा गोल घुमट म्हणा की!" सगळे हसले, सर पुढच्या स्लाइडवर गेले.

माझं म्हणणं, या दोन-दोन इंग्रजी शब्दांच्या जोड्या काही सांगत नाहीत, थेट निकाल देतात. समोरचा 'इको चेंबरमधला', म्हणजे फक्त आपल्याच मतांचे पडसाद ऐकणारा ठरला, की त्याचं ऐकायची गरजच संपली.

कडक भाकरी :
सगळं इंग्रजीच्या माथी मारू नका. जोडी जमली की शब्दाचा अर्थ बदलतोच. कडक चहा, कडक शिस्त, कडक भाकरी, तिन्ही 'कडक' एकच का? इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ साली हेच मांडलं : शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. 'पोस्ट ट्रूथ' २०१६ साली ऑक्सफर्डने, 'फेक न्यूज' २०१७ साली कॉलिन्सने, 'कॅन्सल कल्चर' २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वॉरी कोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. गोष्ट घडत होती म्हणून नाव पडलं.

आणि सोलापूरकरांनी तर बोलूच नये. १९३० साली गावात काय लागलं होतं? 'लष्करी कायदा' कुणाच्या घरात म्हणतात? 'मार्शल लॉ'च ना!

रिकामा माग :
तो आपला झाला, कारण तो आपण भोगला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात त्यापायी सोलापूरचे चौघे फासावर गेले, त्यांचे पुतळे रोज दिसतात. 'कल्चर वॉर'मागे आपलं काय आहे? याच अर्थाचा जर्मन शब्द १८७० च्या दशकात बिस्मार्क आणि कॅथलिक चर्चच्या भांडणाला लागला. पुढे अमेरिकेत शाळा, गर्भपात यांवरच्या वादांना इंग्रजी जोडी चिकटली. कालच्या सरांनी ती मिरवणुकीतल्या डीजेला लावली! डीजेचं भांडण कानाचं आहे ओ, संस्कृतीचं नाही.

नवी पेठ :
तुमचं ठीक आहे, मला प्रबंध लिहायचाय, तोही मराठीत. 'हेट स्पीच'ला 'द्वेषपूर्ण भाषण' लिहिलं की डोळ्यांसमोर माईक आणि हारतुरे येतात. फॉरवर्ड केलेला मेसेज, भिंतीवरचं पत्रक हे 'भाषण' कसं? इंग्रजीतला 'स्पीच' ऐसपैस आहे, आपलं 'भाषण' व्यासपीठावरून खाली उतरत नाही. शेवटी 'विद्वेषी वक्तव्य' केलं. 'रिसर्च गॅप'ला मात्र गाईड 'संशोधनातील पोकळी'च लिहायला लावतात. वाचताना माझंच संशोधन पोकळ वाटतं.

पार्क चौक :
मुद्दा राहू द्या, उपमाच चुकली. इको चेंबरमध्ये आपलंच आपल्याला ऐकू येतं. घुमटाच्या सज्जात या भिंतीशी कुजबुजलं, तर शंभरेक फुटांपलीकडे समोरच्या भिंतीशी उभ्या माणसाला कळतं. शाळेची सहल आठवा.

कडक भाकरी :
घ्या! म्हणजे आजोबांनी नेमकं उलटं सांगितलं, आणि सर स्लाइड बदलून मोकळे.

रिकामा माग :
उपमा मागे घेतो. सहल मलाही आठवते. समोरच्या भिंतीशी माझा बाकावरचा जोडीदार उभा होता, ओठ हलताना दिसत होते. पण अख्खी शाळा एकदम ओरडत होती, त्याचं काहीच ऐकू आलं नाही.