विषय: आई-बाबा येतायत, क्योतो-कोयासान, जेआर पास घेऊ का आणि बॅगांचं काय

मिलिंद (निशी-कासाई, तोक्यो):
मंडळी, शिन्कान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) सीट या आठवड्यात काढायच्यात म्हणून घाईत लिहितोय. आई-बाबा दिवाळी झाली की येतायत, दोन महिने राहणार आहेत, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. मला सुट्टी एकच आठवडा मिळाली आहे. प्लॅन असा: रविवारी क्योतो, मंगळवारी हिरोशिमा, बुधवारी ओसाका, गुरुवारी कोयासान (डोंगरावरचं बौद्ध देवळांचं गाव), शुक्रवारी परत, येताना जमलं तर हाकोने. सगळं ट्रेन-बसनेच, माझ्याकडे इथलं लायसन्स नाही. आईचा गुडघा दुखतो, सपाटीवर चालते पण जिना उतरताना फार त्रास होतो. तर जेआर पास (टुरिस्टांसाठीचा ठराविक दिवसांचा रेल्वे पास) घेऊ का? आणि दोन मोठ्या बॅगा आणि एक छोटी एवढं शिन्कान्सेनमध्ये चालतं का? ऑफिसमधला एक जण म्हणतो मोठ्या बॅगेला वेगळं रिझर्वेशन लागतं, नाहीतर पैसे भरावे लागतात. बाबांनी स्वतःहून मागितलेली जागा एकच आहे, कोयासान. ती काही झालं तरी ठेवायची, बाकी सगळं बदलायला तयार आहे.

निखिल:
पास घेऊ नकोस. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला, तेव्हापासून तोक्यो-क्योतो करणाऱ्यांना तो परवडतच नाही. क्योतोचं एका बाजूचं तिकीट साधारण चौदा हजार, म्हणजे जाऊन-येऊन अठ्ठावीस. हिरोशिमा धरलं तर सगळं मिळून पन्नासच्या आसपास जातं, म्हणजे पासने फारसं काही वाचत नाही. शिवाय पासवर नोझोमीत, म्हणजे सगळ्यात वेगवान शिन्कान्सेनमध्ये, बसायचं तर क्योतोपर्यंत वर ४,९६० येन भरायचे. आणि मुख्य म्हणजे पास फक्त टुरिस्ट म्हणून आलेल्यांना मिळतो, तू रेसिडेंट कार्डवाला, तुला मिळणारच नाही, मग ते दोघं त्याहून हळू हिकारीत आणि तू नोझोमीत असं करणार आहेस का. स्मार्ट ईएक्सवरून (शिन्कान्सेनचं ऑनलाईन बुकिंग) तिघांची साधी तिकिटं एकत्र काढ, शेजारी-शेजारी बसा.

प्रसाद (ओजिमा):
मिलिंद, हे सगळं मंडळाच्या प्रवास शीटमध्ये आहे, बॅगांचा वेगळा टॅबच आहे. मी आणि माधुरीने ती शीट बनवली कारण दरवर्षी नोव्हेंबर आणि मार्चमध्ये हेच प्रश्न येतात. उत्तरं मेलमध्ये विखुरली की पुढच्या वेळी कोणालाच सापडत नाहीत, तेव्हा नवीन माहिती असेल तर तिकडे भर घाला ही कळकळीची विनंती. नियम असा आहे: लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर आणि २५० पर्यंत असलेली बॅग असेल तर डब्यातली शेवटची रांग, जिच्या मागे बॅगांची जागा असते, ती आधी रिझर्व्ह करायची. आधी केली तर जादा पैसे नाहीत, न करता बॅग आणली तर १,००० येन. मे २०२० पासून आहे हे. तेव्हा मोठ्या बॅगांना रिझर्वेशन लागतंच.

निखिल:
प्रसाद, "लागतंच" नाही. १६० च्या वर असेल तरच लागतं. विमानाची चेक-इन बॅग बहुतेक एअरलाईनला १५८ पर्यंतच चालते, म्हणजे भारतातून आलेली नेहमीची मोठी बॅग या नियमात बसतच नाही, ती वरच्या रॅकवर ठेवायची. मिलिंद, आधी टेप घेऊन बॅग मोज.

प्रसाद:
रॅकवर ठेवायची म्हणजे कोणी ठेवायची? तेवीस किलोची बॅग डोक्यावर उचलून ठेवायची आणि क्योतोला गाडी जेमतेम थांबते तेवढ्यात उतरवायची, सोबत एक ज्येष्ठ गृहस्थ आणि गुडघा दुखणाऱ्या काकू. मागची रांग मिळत असताना ती का घेऊ नये हे मला कळत नाही. नियमात बसो न बसो, घ्यावी. शीटमध्ये मी तसंच लिहिलंय आणि ते विचार करूनच लिहिलंय.

निखिल:
घ्यावी याला माझा विरोध नाहीच, पण "लागतंच" वाचून कोणीतरी विनाकारण सीट मिळत नाही म्हणून गाडी बदलेल. शीटमध्ये १५८ ची ओळ घाल एवढंच म्हणणं आहे.

वैदेही:
अहो पण क्योतोला दोन मोठ्या बॅगा कशाला? ते मिलिंदच्याच घरी राहणार आहेत ना, मग आठवडाभराला एक मध्यम बॅग पुष्कळ झाली. मिलिंद, त्या बॅगांत आहे काय?

मिलिंद:
वैदेहीताई, एकीत तिघांचे गरम कपडे आणि दुसरीत आईचं खाणं. आई अंडंसुद्धा खात नाही, माशाच्या वासाने तिला मळमळतं, आणि इथे साध्या उदोन नूडल्सच्या रश्श्यातसुद्धा मासा असतो. म्हणून तिचा तांदूळ, मेतकूट, ज्वारीचं पीठ, छोटा कुकर असं सगळं सोबत घ्यायचं ठरलंय, त्याशिवाय ती निघणारच नाही असं म्हणते.

वैदेही:
मग सगळं घ्या, आईंना जे लागतं ते लागतं, त्यात काटछाट करू नकोस. पण हातात घेऊन जाऊ नका. ताक्क्युबिनने, म्हणजे कुरिअरने, पाठव. काळ्या मांजराचं चित्र असतं ना, ती यामातो कंपनी. शनिवारी सकाळी जवळच्या सेव्हन इलेव्हनमध्ये किंवा फॅमिलीमार्टमध्ये नेऊन दे, रविवारी क्योतोच्या हॉटेलवर पोचते, एका बॅगेला अडीच-तीन हजार येनच्या आसपास पडतात. वजन पंचवीस किलोच्या आत ठेव आणि फॉर्मवर हॉटेलच्या पत्त्यासोबत चेक-इनची तारीख आणि बुकिंगवरचं नाव लिही, नाहीतर फ्रंट डेस्कवाले गोंधळतात. परतीला कोयासानला जायच्या आधी क्योतोच्या हॉटेलमधूनच घरी पाठवून दे. मग तुझ्याकडे एक पाठीवरची सॅक राहते आणि दोन्ही हात आईंना धरायला मोकळे. सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्ही असंच केलं. त्या प्रत्येक स्टेशनवर माझा हात धरून लिफ्टपर्यंत शांतपणे चालत यायच्या, बॅग असती तर त्यांना म्हणावं लागलं असतं की इथे उभ्या राहा, मी सामान ठेवून येते, आणि अनोळखी स्टेशनवर एकटं उभं राहणं हेच त्यांना सगळ्यात जास्त घाबरवत होतं.

शैलाताई:
मी सकाळपासून वाचतेय, सगळे बॅगांवर बोलतायत आणि प्लॅनकडे कोणीच बघत नाहीये. मिलिंद, बाळा, पाच दिवसांत चार मुक्काम? त्यात हाकोने? गाड्यांचा त्रास नसतो इथे, गाडी वेळेवर येते, बसायला मिळतं. त्रास असतो स्टेशनच्या आत. लिफ्ट असते पण ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, मग बाहेर पडायचं दार तिसरीकडे. जेवढी हॉटेलं बदलशील तेवढ्या वेळा हे सगळं. हिरोशिमा आणि ओसाकाचा मुक्काम काढ. क्योतोला रविवार ते बुधवार एकाच हॉटेलात, स्टेशनजवळ राहा, आणि रोज एकच ठिकाण कर. फुशिमी इनारीला क्योतोहून जेआर नारा लाईनने दुसरंच स्टेशन, पाच मिनिटं, देऊळ स्टेशनच्या दारातच. वर डोंगरावर जायची गरज नाही, खालच्या तोरींतून (लाल कमानींतून) थोडं चालून परत या. आराशियामाला पण जेआर जाते, पंधरा-वीस मिनिटं. कियोमिझु देवळाचा चढ मात्र आईंना झेपणार नाही, तिथे जायचंच तर टॅक्सीने जेवढं वर जाता येईल तेवढं जा. सिटी बसवर विसंबू नकोस, नोव्हेंबरच्या शेवटी पानं बघायला इतकी गर्दी असते की आईंना उभं राहावं लागेल. आणि तो बसचा एक दिवसाचा पास आता मिळत नाही, बंद केला त्यांनी.

प्रसाद:
बसचा पास बंद झाल्याचं शीटमध्ये आहे, सप्टेंबर २०२३ च्या शेवटी विक्री बंद झाली. सबवे आणि बस मिळून १,१०० चा आहे तो चालू आहे.

सतीशकाका (योकोहामा):
मिलिंद, कोयासान म्हटल्यावर मला राहवलं नाही. बाबांना तिथे का जायचंय हे मी ओळखलं असं वाटतं. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री फडणवीसांच्या हस्ते अनावरण झालं. आम्ही गेलो होतो तेव्हा माझी मिसेस आणि मी तिथे बराच वेळ उभे होतो.

मिलिंद:
हो काका, तेच. बाबा नागपूरचे, लहानपणापासून दीक्षाभूमीवर जातात, त्यांचे वडील १९५६ च्या धम्मदीक्षेला तिथे होते. जपानमध्ये डोंगरावर बाबासाहेबांचा पुतळा आहे हे त्यांनी कुठेतरी वाचलं, तेव्हापासून मी नुसता फोन केला तरी विचारतात, तुझ्या घरापासून किती लांब आहे रे ते. म्हणून कोयासान ठेवायचंच आहे. पण तिकडे तीन-चार वेळा गाडी बदलावी लागते असं दिसतंय, त्याचीच भीती वाटतेय.

सतीशकाका:
भिऊ नकोस, नीट सांगतो. क्योतोहून जेआरच्या शिनकाइसोकूने (जलद गाडीने) शिन-ओसाकाला उतर, ओसाका स्टेशनला उतरू नकोस, तिथून उमेदाची सबवे गाठायला गर्दीतून बरंच चालावं लागतं आणि नवीन माणूस हमखास चुकतो. शिन-ओसाकालाच मिदोसुजी लाईन आहे, तांबडी, ती थेट नाम्बाला जाते. नाम्बाला नानकाई कंपनीचं स्टेशन, फलाट वर आहेत पण सरकते जिने आहेत. तिथून "कोया" नावाची लिमिटेड एक्सप्रेस पकड, सीट रिझर्व्ह असते, गोकुराकुबाशीपर्यंत सव्वा तासाच्या थोडं वर, मध्ये बदलायला नाही. साध्या गाडीने गेलास तर बहुतेक वेळा हाशिमोतोला बदलावं लागतं, आईंसाठी ते नको. दिवसातून मोजक्याच एक्सप्रेस असतात, म्हणून आधी तिची वेळ ठरव आणि मागे मोजत क्योतोहून किती वाजता निघायचं ते काढ. गोकुराकुबाशीला समोरच केबल कार, पाच मिनिटांत वर, आणि वरच्या स्टेशनपासून गावात बसनेच जायचं, तो रस्ता पायी जायला खुला नाही. शिन-ओसाकापासून पुढे जेआर पास कुठेही चालत नाही, तो मुद्दा पण त्यातच मिटला. सुइका (ट्रेन-बसचं रिचार्ज कार्ड) चालतं.

मुक्काम शुकुबोत कर, म्हणजे देवळातच. संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहालाच असतं, त्याआधी पोचावंच लागतं. आणि जेवण शोजिन र्‍योरी, मांस-मासे काही नाही, रस्सासुद्धा कोन्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमचा. बुकिंग करताना मात्र स्पष्ट विचार.

वैदेही:
काका, शुकुबोत जमिनीवर गादी असते आणि जेवायला मांडी घालून. गुडघ्याचं काय? उठताना त्रास होईल आईंना. मला वाटतं ओसाकाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं.

सतीशकाका:
मुक्काम सोडू नये असं माझं ठाम मत आहे. परतीच्या गाडीचं घड्याळ बघत बघत बाबासाहेबांसमोर उभं राहायचं का? काही शुकुबोंमध्ये पलंगाच्या खोल्या असतात, जेवायला खुर्ची-टेबल देतात. तेवढंच बघून बुक कर, मग संडास खोलीत आहे का तेही विचार, पुष्कळ ठिकाणी सामाईक असतो आणि रात्री थंडीत बाहेर जावं लागतं. कोयासान आठशे मीटर उंचीवर आहे, नोव्हेंबरात गारठा असतो.

शैलाताई:
सतीशराव बरोबर बोलतायत, मुक्काम ठेव. ओकुनोइन (तिथली मोठी जुनी दफनभूमी) पूर्ण चालायची गरज नाही, जवळच्या बसस्टॉपवरून जा.

निखिल:
एक राहिलं, विमानतळावर वेलकम सुइका घेऊ नकोस, ते २८ दिवसच चालतं आणि आई-बाबा दोन महिने आहेत. साधं कार्ड घे, ते मार्च २०२५ पासून पुन्हा विकत मिळायला लागलंय, ५०० येन डिपॉझिट. भारतातल्या अँड्रॉइड फोनवर सुइका चालत नाही म्हणून बाबांच्या फोनमध्ये टाकत बसू नकोस.

अनघा (कासाई):
निखिलच्या कार्डवरून आठवलं. मिलिंद, प्रवासाच्या आधीचा आठवडा बाबांना इथेच तोझाई लाईनवर फिरव, आणि गाडी लोकल आहे का कायसोकू (जलद) हे बघायला शिकव. कायसोकू तोयोचोनंतर थेट उरायासुला थांबते, निशी-कासाई आणि कासाई दोन्ही सोडून. आमचे बाबा दोनदा उरायासुला गेले, पण घाबरले नाहीत कारण खिशात चिठ्ठी होती: स्टेशनचा नंबर टी १६, टी १७, आमचा पत्ता जपानीत आणि फोन. स्टेशन मास्तरांनी समोरच्या फलाटावर नेऊन बसवून दिलं. आता ते एकटे तोक्यो स्टेशनपर्यंत जाऊन येतात आणि आल्यावर फार खुशीत असतात. बाबांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात मराठीतही लिही.

प्रसाद:
टी १६ ची कल्पना चांगली आहे अनघा, तुझी चिठ्ठी शीटला जोडतो. १५८ ची ओळ पण घातली आहे, निखिल.

मंजिरी:
फुजीसाठी क्योतोला जाताना ई सीट घ्या, उजवी बाजू. सुटल्यापासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी शिन-फुजीच्या आसपास दिसतो, ढग नसले तर.

निखिल:
पण शेवटच्या रांगेतली ई लवकर जाते. ताक्क्युबिन करणार असाल तर शेवटची रांग कशाला, मधली घ्या.

मिलिंद:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. हिरोशिमा, ओसाका, हाकोने काढलं. रविवार ते बुधवार क्योतो, स्टेशनजवळ एकच हॉटेल, बॅगा शनिवारी ताक्क्युबिनने. गुरुवारी सकाळी बॅगा परत घरी पाठवून कोयासान, पलंगाची खोली असलेलं शुकुबो मिळालं तर रात्र तिथे. सतीशकाका, जपानीत फोन करून पलंग, खुर्ची आणि संडासाचं तुम्ही विचारू शकाल का, मला ते नीट जमणार नाही. शुक्रवारी शिन-ओसाकाहून परत. पास नाही. जाताना डी, ई आणि मागे माझी एक, अशा सीट काढतोय.

सतीशकाका:
आज दुपारी करतो फोन. तारीख आणि तिघांची नावं मला वेगळी मेल कर, आणि आईंना रात्री गरम पाणी लागतं का तेही लिही.