प्रतिसाद : बेल एअरचं पेट्रोलचं झाकण आणि हेडलाइटच्या जाळ्या

वरच्या लेखात म्हटलंय की १९५५ ते १९५७ या तिन्ही वर्षांच्या शेवरोले बेल एअर या जुन्या अमेरिकन मोटारीत पेट्रोलचं झाकण टेललाइटमागे असायचं. तसं फक्त १९५६ मध्ये होतं. '५५ मध्ये डाव्या मागच्या पत्र्यावर साधं दार होतं. '५६ मध्ये डावा टेललाइटच बिजागरीवर उघडतो. तिथं दिव्याची वायर प्रत्येक वेळी वाकते, त्यामुळे दिवा लुकलुकत असेल तर बल्ब बदलण्याआधी त्या वायरचं वेष्टण आणि अर्थिंग बघा. '५७ मध्ये झाकण डाव्या पंखाच्या (गाडीच्या मागच्या बाजूला वर आलेल्या पत्र्याच्या पात्याच्या) मागच्या कडेवरच्या उभ्या क्रोम पट्टीत गेलं. माहीत नसलेला माणूस शोधतच बसतो!

'५७ च्या हेडलाइटभोवतीच्या जाळ्या निव्वळ शोभेच्या नाहीत. केबिनमध्ये ताजी हवा घेण्याची वाट त्या वर्षी तिथून काढली होती. मात्र तिन्ही वर्षांच्या गाड्यांत हेडलाइटच्या वर, मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखल साचतो, ओल धरतो आणि पत्रा आतून सडतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून अशी जुनी गाडी घेताना आतून हात फिरवून बघा. नुसतं पुट्टी भरून काही होत नाही, सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो.

चाकंही तपासा. '५७ ला कंपनीकडून १४ इंची आली, आधीच्या दोन्ही वर्षी १५ इंची. व्हीलकॅपची अदलाबदल इथंच फसते.