वर्गासाठी टिकणारं आणि हक्काने वापरता येईल असं डिजिटल साहित्य कुठून घ्यावं?

सातवी_ब

नमस्कार मंडळी,

सरकारी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. महिन्याभरात लागोपाठ दोन फटके बसले, म्हणून हा धागा काढते आहे.

गेली तीन वर्षं मी एका फुकट अ‍ॅपवर प्रश्नमंजुषा तयार करत होते. रात्री सगळं आवरलं की एखाददुसरा प्रश्न, असं करत करत दोनशेच्या वर गेले. प्रत्येक प्रश्नाला चित्र, आणि उत्तर चुकलं तर का चुकलं हे सांगणारी एक ओळ. त्या ओळी मी मुलांच्या वह्या समोर ठेवून लिहिल्या होत्या. 'झाडं फक्त रात्री श्वास घेतात' असं दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो. म्हणून त्या पर्यायाखाली लिहिलं होतं, 'तू जेवत असतोस तेव्हा तुझा श्वास थांबतो का?' मागच्या सोमवारी तासाला लॉगिन केलं तर पडद्यावर नुसती चौकट: योजना बदलली आहे, पुढे जायचं तर पैसे भरा. एक्सपोर्ट केलं तर प्रश्नांची पीडीएफ हाती आली. उत्तरं नाहीत, चित्रं नाहीत, त्या ओळी नाहीत.

दुसरं असं, की मुलांनी जलचक्रावर ४ मिनिटांचा व्हिडिओ केला. काचेच्या बरणीत गरम पाणी, वर बर्फाची ताटली, ताटलीच्या तळाला जमून टपकणारे थेंब, सगळं त्यांनीच शूट केलेलं. मागे बेथोव्हनची एक रचना लावली. तो १८२७ साली गेला, म्हणजे हक्काचा प्रश्नच नाही असं मी धरून चालले. व्हिडिओ चढवल्यावर काही मिनिटांत कॉपीराइटची नोटीस आली आणि सगळा आवाज बंद झाला, मुलांच्या निवेदनासकट. 'बाई, आपण चोरी केली का?' असं एका मुलीने विचारलं. ते मला फार लागलं.

तर चित्रं, आवाज, व्हिडिओ कुठून घ्यावेत? प्रश्नमंजुषा कशात कराव्यात, की उद्या कुणी कुलूप लावलं तरी माझ्याकडे राहतील? आणि अशा बदलांचा अंदाज आधी यावा म्हणून तंत्रज्ञानाच्या बातम्या कुठे वाचाव्यात? शाळेतलं इंटरनेट मधूनमधून जातं आणि कॉम्प्युटर जुने आहेत, तेही लक्षात घ्या.

पानोपानी

ताई, आधी त्या मुलीला सांगा की चोरी केली नाही. तिचा प्रश्न मात्र अगदी योग्य आहे, त्याचं नीट उत्तर तिला मिळायला हवं. बेथोव्हनच्या रचनेवरचा हक्क कधीच संपला. पण तुम्ही लावलेली रचना कुणीतरी अलीकडे वाजवून ध्वनिमुद्रित केली असणार, आणि त्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो. व्हिडिओ साइटवरची यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवून बघते. समोर शाळा आहे की व्यापारी, हे तिला कळत नाही. उपाय दोन. 'म्यूझोपेन' या साइटवर हक्कमुक्त ध्वनिमुद्रणं मिळतात, पण प्रत्येकाखालचा परवाना वाचून घ्या. नाहीतर मुलांपैकी कुणी पेटी-बासरी वाजवत असेल तर तेच वाजवून घ्या. मला दुसरा उपाय जास्त आवडतो.

मी ग्रंथपाल आहे. शिक्षकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: फुकट आणि मुक्त यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुकट म्हणजे आज पैसे मागत नाहीत, एवढंच. मुक्त म्हणजे उतरवून ठेवण्याचा, वाटण्याचा आणि बहुतेक वेळा बदलण्याचाही हक्क लिहून दिलेला. तुमचं अ‍ॅप फुकट होतं.

लिहून दिलेला हक्क कसा ओळखायचा? क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. त्यांत 'बीवाय' म्हणजे नाव द्या. 'एसए' म्हणजे बदल करून पुढे दिलंत तर तोच परवाना लावा. 'एनसी' म्हणजे व्यापारासाठी नाही. 'एनडी' म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका. आपल्यासारख्यांनी या शेवटच्यापाशी थांबून विचार करायचा, कारण भाषांतर हाही बदलच. इंग्रजी धडा 'एनडी'खाली असेल तर तो वर्गात दाखवा खुशाल, पण मराठी करून इंटरनेटवर टाकता येत नाही. खूप मेहनतीची भाषांतरं अशी अडकलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे आधी बघा. आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट: अटी पाळल्या तर हा परवाना नंतर काढून घेता येत नाही. देणाऱ्याचं मन बदललं तरी तुम्ही उतरवून घेतलेली प्रत तुमच्या हक्काची राहते.

चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स. २००४ पासून चालू आहे, १० कोटींहून जास्त फाइली आहेत आणि 'एनसी', 'एनडी' तिथे घेतच नाहीत. विज्ञानाच्या आकृत्या शोधताना एसव्हीजी फाइल (जिच्यातल्या रेषा आणि अक्षरं सुटी बदलता येतात) घ्या. इंकस्केप या चित्रांच्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये उघडली की बहुतेक वेळा नावं अक्षर म्हणूनच असतात. 'लेफ्ट एट्रियम' खोडून 'डावी कर्णिका' लिहायला अर्धा मिनिट पुरतं. अवकाशाच्या चित्रांसाठी नासा. त्यांची बहुतेक छायाचित्रं कॉपीराइटखाली येत नाहीत.

जुन्या पुस्तकांबाबत देशागणिक हिशेब वेगळा. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा आजचा किमान नियम लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क राहतो असा आहे. भारतात ६०, युरोपीय संघात ७०. त्यामुळे एकाच लेखकाचं पुस्तक एका देशात खुलं आणि दुसऱ्यात बंद असू शकतं.

जोडतार

आधी ते दोनशे प्रश्न वाचवायचं बघू. त्या कंपनीला सरळ मेल करा आणि तुमचा सगळा डेटा यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागा. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा लोकांच्या डेटाबद्दलचा कायदा लागू आहे आणि त्यात हा हक्क दिलेला आहे, त्यामुळे तिथे ग्राहक असलेल्या कंपन्यांकडे अशी सोय बहुधा तयार असते. युरोपाबाहेरच्यांना ती देणं बंधनकारक नाही, पण मागायला काय हरकत आहे? उत्तर येईपर्यंत खातं बंद करू नका. प्रश्नाचा 'प्रीव्ह्यू' उघडत असेल तर आजच बसून एकेकाचा स्क्रीनशॉट घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्या ओळी परत आठवून लिहिण्यापेक्षा बरं.

पुढचे प्रश्न साध्या टेक्स्ट फाइलीत लिहा. मूडल नावाची ऑनलाइन शिकवण्याची मुक्त प्रणाली २००२ पासून आहे, तिची 'गिफ्ट' नावाची लिहिण्याची पद्धत वापरा. प्रश्न लिहायचा, मग महिरपी कंसात पर्याय: बरोबर उत्तराआधी = चिन्ह, चुकीच्याआधी ~ चिन्ह, आणि त्या पर्यायासाठी मुलाला सांगायची ओळ # नंतर. तुमचाच प्रश्न असा होईल:

झाडं श्वास कधी घेतात? {=दिवसा आणि रात्री ~फक्त रात्री#तू जेवत असतोस तेव्हा तुझा श्वास थांबतो का?}

बस. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते, पेनड्राइव्हवर मावते, आणि वीस वर्षांनीही कुठल्याही यंत्रावर वाचता येईल. फक्त साठवताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. मूडल स्वतः चालवायच्या भानगडीत आत्ता पडू नका, त्याला सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतो. रंगीत, हलतं काही हवं असेल तर एचफाइव्हपी हा अशा प्रश्नमंजुषांचा मुक्त प्रकार बघा. 'लुमी' नावाच्या विनामूल्य प्रोग्रॅममधून ते इंटरनेटशिवाय बनवता येतं आणि फाइल तुमच्याच डिस्कवर राहते.

इंटरनेट जातं म्हणालात, तर किविक्स आणि कोलिब्री हे दोन मुक्त प्रोग्रॅम. किविक्समध्ये अख्खा विकिपीडिया एका फाइलीत उतरवून ठेवता येतो. कोलिब्री एका कॉम्प्युटरवर टाकलं की वर्गातली बाकीची यंत्रं वायफायने त्यालाच जोडतात, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. एकदा चांगल्या जोडणीवर बसून उतरवून घ्या, पुढे वर्षभर काम भागतं. आणि प्रयोगांसाठी फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे आभासी प्रयोग. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलं. विद्युतमंडलाचं एकदा उघडून द्या आणि मुलांना वायरी जोडू द्या, मध्ये बोलू नका.

रेषा

वरचं सगळं पटलं, पण दुसऱ्या बाजूनेही लिहायला हवं. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. फुलपाखराच्या जीवनचक्राचं माझं एक चित्र, कोषातून पंख बाहेर येतानाचं, कोपऱ्यातली सही कापून कितीतरी शाळांच्या तक्त्यांवर फिरतं आहे. त्या पंखांसाठी मी बागेत सकाळी चार दिवस बसले होते. शिक्षकाने वर्गात दाखवलं तर मला आनंदच आहे; तसा वापर बर्न करारही देशांना कायद्यात बसवू देतो. पण वर्गातल्या चाळीस मुलांना दाखवणं वेगळं आणि सही कापून सगळ्या जगासाठी चढवणं वेगळं.

एक विनंती, मेल करून विचारा. 'अमुक वर्गासाठी अमुक चित्र हवं, तुमचं नाव देऊ' एवढ्या दोन ओळी पुरतात. मला आजवर अशा विनंत्या आल्या त्यांतली एकही मी नाकारली नाही, उलट मोठी फाइल पाठवली. ओळखीचे बरेच चित्रकार असंच करतात. आणि नाव देताना चित्राचं नाव, काढणाऱ्याचं नाव, कुठून घेतलं आणि कुठला परवाना, चारही लिहा, त्याच पानावर.

पाटीपेन्सिल

एआयने चित्रं बनवून घेतली तर हा सगळा प्रश्न मिटत नाही का?

पानोपानी

@पाटीपेन्सिल, नाही मिटत. ती चित्रं ज्या चित्रांवर शिकून तयार होतात त्यांच्या हक्कांचे खटले कोर्टात आहेत. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआय या एआय बनवणाऱ्या कंपनीवर लेखांबाबत २०२३ च्या डिसेंबरमध्ये असाच दावा लावला. आणि विज्ञानाच्या वर्गाला त्याहून मोठी अडचण अशी, की आकृत्या चुकतात. मी हृदयाची आकृती मागवली तर महाधमनी उजव्या जवनिकेतून निघालेली आली. दिसायला सुंदर होती, म्हणूनच जास्त धोक्याची.

घंटा_झाली

बातम्यांबद्दल लिहितो. बरीच वर्षं मुख्याध्यापक होतो, शाळेत यंत्रं येताना आणि कपाटात धूळ खाताना पाहिली आहेत.

रोज बातम्यांमागे धावू नका. आरएसएस रीडर (निवडलेल्या साइटवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणारा प्रोग्रॅम) घ्या, त्यात चार-पाच ठिकाणं टाका आणि रविवारी अर्धा तास वाचा. हक्कांसाठी ईएफएफ ही १९९० पासूनची संस्था आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं स्वतःचं पान. एकूण तंत्रज्ञानासाठी आर्स टेक्निका ही बातम्यांची साइट. शिवाय वापरत असलेल्या प्रत्येक सेवेची 'अटी बदलल्या' ही मेल उघडून वाचत जा. आपण ती न वाचता पुसतो, आणि तुमच्या अ‍ॅपची बातमीही कदाचित तिथेच आली असेल.

'या यंत्राने शिक्षण बदलणार' अशी बातमी आली की मी बघतो, हे म्हणतंय कोण? विकणारा म्हणत असेल तर ती जाहिरात. मग बघतो, वर्ष-दोन वर्षांनी कुणी मोजलं का? पेरू देशाने गरीब भागांतल्या शाळांना लाखो लॅपटॉप वाटले; आंतर-अमेरिकन विकास बँकेने २०१२ साली अभ्यास केला तर गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी २०१३ साली प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायची योजना आणली, मुलांनी काही दिवसांतच त्यावरची बंधनं काढून टाकली, आणि पुढच्याच वर्षी तो करार थांबवला. या दोन्ही योजनांच्या घोषणा ठळक मथळ्यात छापून आल्या होत्या. निकालांच्या बातम्या शोधाव्या लागल्या. युनेस्कोचा २०२३ चा शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरचा अहवाल मिळाला तर वाचा, त्यात हेच नीट मांडलंय.

कुलपाबद्दल एक. २००९ साली ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्या किंडल या वाचनयंत्रावरून दूरून पुसली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकंही गेली. दोन्ही वेळी पैसे परत मिळाले. पण समासात लिहिलेल्या टिपांचं काय? शाळेसाठी काही घ्यायचं ठरलं की मी हल्ली पहिल्याच बैठकीत विचारायला सांगतो, 'आम्ही सोडून गेलो तर बरोबर काय नेता येईल?' तिथे उत्तर गोलमोल आलं तर पुढे बोलू नये.

सातवी_ब

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

कंपनीचं उत्तर आलं, फाइल पंधरा दिवसांत देतो म्हणाले. बघू. तोवर प्रीव्ह्यूवरून एकशे चाळीस प्रश्न वाचवले. गिफ्टची पद्धत मुलांना दाखवली तर त्यांनीच लिहायला घेतली, आणि # नंतरच्या ओळी माझ्यापेक्षा चांगल्या लिहितात. 'मीही असंच लिहिलं होतं, मग बरणीतले थेंब आठवले' ही ओळ एका मुलाची आहे, मी तशीच ठेवली.

व्हिडिओचा आवाज पुन्हा रेकॉर्ड केला. मागे बासरी आमच्याच वर्गातली. रेषाताई, तक्त्यांवरची चित्रं तपासली. तीन चित्रांवर नाव नव्हतं. दोघांचा पत्ता लागला, त्यांना मेल केली आहे. तिसरं काढून ठेवलं.

आता एक नवा प्रश्न. हे सगळं मुक्त परवान्याखाली टाकायचं मनात आहे. पण प्रश्न, आवाज, चित्रं मुलांची. परवाना मी देऊ शकते का?

पानोपानी

नाही ताई. मुलाने काढलेल्या चित्राचा, लिहिलेल्या ओळीचा हक्क साधारणपणे त्या मुलाचाच असतो, शाळेचा किंवा शिक्षकाचा नाही. मुलं अजाण, म्हणून पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलालाही विचारा. संमतीच्या कागदावर स्पष्ट लिहा की हा परवाना नंतर मागे घेता येत नाही. मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि चेहरा एकत्र जाऊ देऊ नका. नुसतं पहिलं नाव किंवा मुलाने निवडलेलं टोपणनाव चालतं. कुणी नको म्हटलं तर त्याचा भाग वगळून बाकीचं टाका, आणि कारण विचारू नका.

सातवी_ब

कागद तयार केला, उद्या घरी पाठवते. बासरीवाल्याने आत्ताच नको म्हटलं आहे, त्याला अजून नीट वाजवून मग द्यायचं आहे. पुढच्या महिन्यात परत रेकॉर्ड करू.