बालहक्क कागदावर तर आहेतच, पण सरकारने ते अमलात आणायचे म्हणजे नेमकं करायचं काय?

शाईपेन:
नमस्कार मंडळी. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ ला आली, आज १९६ राष्ट्रं तिला बांधील आहेत, अमेरिका सोडली तर संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्याच सदस्य देशांनी मंजूर केलीय. एवढं सगळं असूनही मुलं कामाला जुंपली जातात, मार खातात, शाळेबाहेर राहतात. मग सरकारं कमी कुठे पडतात? कायदा अजून कडक करायचा की दुसरंच काही? कुणी या क्षेत्रात काम केलं असेल तर प्लीज सांगा.

मुक्तछंद:
माझं मत विचाराल तर आधी पैसा बघा. संहितेच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की सरकारने हाताशी असलेली साधनं जास्तीत जास्त वापरायची. पण बजेट उघडलं की मुलांवर किती खर्च होतो हा आकडा सहसा एका जागी सापडतच नाही, शाळा एका खात्यात, लसी दुसऱ्या, निराधार मुलांचं तिसऱ्याच, आणि कपात करायची वेळ आली की तिन्हीकडे थोडी थोडी कात्री लागते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. संहिता पाळली जाते का हे बघणाऱ्या जिनिव्हाच्या बालहक्क समितीने २०१६ मध्ये खास बजेटवरच मार्गदर्शन काढलंय. मुलांचा खर्च वेगळा दाखवा आणि तो खरंच झाला का तेही तपासा, नाहीतर मंजूर रक्कम बघून आपण खूश होतो आणि निम्मी वर्षअखेर तशीच पडून असते.

शाईपेन:
पैशाचं पटलं. पण अख्खी संहिताच देशाच्या कायद्यात घेतली तर?

मुक्तछंद:
घ्यायलाच हवी. नॉर्वेने २००३ मध्ये घेतली, स्वीडनने १ जानेवारी २०२० पासून, स्कॉटलंडमध्ये जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याने कोर्टात दाद मागता येते. पण स्वीडनचंच जुनं उदाहरण मला जास्त शिकवतं, १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर बंदी आणली, जगात पहिली, आणि नुसता कायदा करून थांबले नाहीत, घरोघरी माहितीपत्रकं पाठवली, दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छापलं. सकाळी आईबाप आणि पोरं एकाच टेबलावर तेच वाचतायत असं!

दहावा_बाक:
मी काही वर्षं मुलांच्या वसतिगृहात काम केलंय, कुठलं ते नको. तिथे नियमाप्रमाणे तक्रारपेटी होती, ऑफिसच्या दारालाच लावलेली, आणि चावी अधीक्षकांकडे. आता ज्यांच्याबद्दल तक्रार तेच पेटी उघडणार म्हटल्यावर कुठलं पोर चिठ्ठी टाकेल? वर रिपोर्ट जायचा, तक्रारी शून्य. मला तो शून्य अजून टोचतो, कारण रात्री मुली माझ्याजवळ येऊन रडायच्या आणि मी वर कळवलं तरी ते फिरून तिथेच यायचं.

म्हणून माझा सगळा जोर स्वतंत्र यंत्रणेवर आहे. नॉर्वेने १९८१ मध्येच मुलांसाठी वेगळा लोकपाल नेमला, जगात पहिला. असा माणूस सरकारच्या खात्याखाली नको, त्याला न सांगता आत जाऊन बघता आलं पाहिजे, मुलांशी एकट्याने बोलता आलं पाहिजे. २०१४ पासून संहितेला जोडलेला एक जादा करारही लागू आहे, त्यात देशात न्याय नाही मिळाला तर मूल थेट जिनिव्हाच्या समितीकडे जाऊ शकतं, फक्त त्या देशाने तो करार मान्य केलेला हवा.

रानवारा:
दहावा_बाक, वाचून गलबललं. यात एक जोडते. नुकसान झाल्यावर तक्रार हवीच पण निर्णय घेण्याआधी मुलांवर काय परिणाम होईल हे तपासणंही सरकारवर बंधनकारक करता येतं, वेल्समध्ये २०११ च्या कायद्याने मंत्र्यांना संहिता विचारात घ्यावीच लागते. रस्ता रुंद करताना शाळेत चालत जाणारी पोरं आठवली पाहिजेत, वस्ती हलवताना त्यांची शाळा. आणि कलम १२ प्रमाणे मुलांचं मत ऐकायचं म्हणजे बालदिनाला स्टेजवर भाषण करून घ्यायचं असं नाही. त्यांनी काय सांगितलं, त्यातलं काय घेतलं, काय नाही घेतलं आणि का, हे परत जाऊन त्यांनाच सांगायचं. हे शेवटचं जवळजवळ कुणी करत नाही.

शाईपेन:
खूप आभार सगळ्यांचे. दहावा_बाक, एकच विचारतो, ती चावी नंतर कुणाकडे दिली का?

दहावा_बाक:
मी सोडेपर्यंत तरी नाही. आता कुठेही मुलांची संस्था बघायला गेले की पहिलं तेच विचारते, पेटी कुणी उघडतं आणि किती दिवसांनी.